लवकर शिकवली की लवकर येते का?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी तासभर बसलं, की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक गुडघ्यांचा आणि दुसरा नातवंडांच्या ॲडमिशनचा. गुडघ्यांवर प्रत्येकाकडे उपाय असतो. ॲडमिशनच्या बाबतीत मात्र सगळे एकमेकांनाच विचारत असतात. ‘अडीच वर्षांची झाली, प्लेग्रुपमधली बाकीची मुलं इंग्रजीत कविता म्हणतात, आमची नुसती बघत बसते. उशीर तर होत नाही ना?’ ‘सून म्हणते, आई, घरातही इंग्रजीच बोला. आम्हाला कुठलं जमायला!’ ‘शेजाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलाला जर्मन लावलंय. आपणही लावावं का?’

या प्रश्नांच्या तळाशी एकच समजूत असते. लहान मूल भाषा आपोआप उचलतं, तेव्हा जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं. समजूत निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यापायी पालकांचे पैसे जातात, आजी-आजोबांची झोप जाते आणि कधी कधी मुलाची घरची भाषाही जाते. कुठलं निम्मं खरं, ते एकेक करून पाहू.

१. कान तोंडाच्या आधी तयार होतो

भाषा शिकणं म्हणजे बोलायला शिकणं, असं आपण धरून चालतो. बाळाचं पहिलं वर्षभर काम चालतं ते कानाचं.

१९८४ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला तो विशेष गमतीचा वाटेल, कारण त्यातले ध्वनी आपल्या घरातले आहेत. त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ घेतले होते. इंग्रजीत हे दोन वेगळे ध्वनी नाहीत. इंग्रजांचा एकच ‘टी’ या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणून त्यांना ‘ताट’ म्हणायला लावलं की फजिती होते. प्रयोगातली बाळं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली होती. बाळाला मांडीवर घेऊन बसायचं, एका बाजूने ‘त, त, त’ असा आवाज चालू ठेवायचा आणि मधेच ‘ट’ सुरू करायचा. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली, की तिथलं खेळणं उजळून हलू लागायचं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत हे जमणारी फार थोडी निघाली. हिंदी घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र फरक नीट कळत होता.

मग चार महिन्यांत इंग्रजी घरातल्या बाळांचा कान बिघडला का? दादरला रुळांलगत राहणाऱ्या माणसांना लोकलचा आवाज ऐकू येत नाही, गावाहून आलेला पाहुणा मात्र रात्रभर कुशी बदलत असतो. घरच्यांचे कान ठणठणीत असतात. दारावरची हलकी थाप त्यांना झोपेतही कळते. कुठला आवाज कामाचा आणि कुठला सोडून द्यायचा, एवढं ते शिकलेले असतात. बाळही पहिल्या वर्षात हेच शिकतं.

मराठी घरातलं बाळ काय काय धरून ठेवतं ते पाहा. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थाने एका तऱ्हेने उच्चारतात आणि ‘सुखाने जग’ म्हणताना दुसऱ्या तऱ्हेने. लिहायला दोन्ही सारखेच. व्याकरणात या उच्चारांना तालव्य आणि दंततालव्य अशी नावं आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाने ती ऐकलेलीही नसतात, तरी ते अडखळत नाही. आणि सोडून काय देतं? इंग्रजीत वेलीला ‘व्हाइन’ म्हणतात आणि मद्याला ‘वाइन’. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. मराठीला एकच ‘व’ पुरतो, त्यामुळे आपल्या कानाने हा फरक केव्हाच टाकून दिलेला असतो. अमेरिकेत उभा जन्म काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडूनही बहुधा तोच एक ‘व’ निघतो.

लवकर सुरुवात करण्याचा सगळ्यात ठळक फायदा हा आहे. लहानपणी भरपूर ऐकलेल्या भाषेचे उच्चार तिच्या बोलणाऱ्यांसारखे येतात. ‘भरपूर ऐकलेल्या’ हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत.

२. मग टीव्ही लावून ठेवला तर?

हा प्रश्न सिॲटलच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. त्यांचा निबंध २००३ सालचा. अमेरिकन घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी प्रयोगशाळेत चिनी भाषा ऐकवली. महिनाभरात बारा वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटं. म्हणजे सगळे मिळून जेमतेम पाच तास. चिनी बोलणारी माणसं बाळांसमोर बसून पुस्तकं दाखवत, खेळणी हातात देत आणि बोलत. त्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा ही बाळं चिनी ध्वनींतला फरक तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखत होती.

बाळांच्या दुसऱ्या एका गटाला तीच माणसं, तेच बोलणं, तेवढाच वेळ दाखवलं, फक्त टीव्हीवर. आणखी एका गटाला नुसता आवाज ऐकवला. हे दोन्ही गट कोरेच राहिले. चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा ते तसूभरही पुढे नव्हते.

बाळ आवाजाइतकंच माणसाकडे बघत असतं. समोरच्याची नजर कुठे गेली, त्याने काय उचललं, आपण हसलो तर तो हसला का, यातून त्याला शब्द कशाला चिकटतो ते कळतं. टीव्हीतली बाई गोड बोलते, पण बाळ कुठे बघतंय हे तिला दिसत नाही. इंग्रजी बालगीतं लावून फोन बाळाच्या हातात दिला की आईला जेवायला पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यासाठी जरूर द्यावा. इंग्रजी येईल म्हणून देऊ नये.

इथे कोणी म्हणेल, ‘आमचा चिरंजीव डोरेमॉन बघून फाडफाड हिंदी शिकला, त्याचं काय?’ शिकला, हे खरंच. पण तो तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. हिंदी मराठीच्या सख्ख्या नात्यातली. शिवाय टॅक्सीवाला, भाजीवाला, इमारतीचा वॉचमन आणि खाली खेळायला येणारी निम्मी मुलं त्याच्याशी हिंदीत बोलतच होती. डोरेमॉनने पेरलेलं उगवलं, कारण बाहेर रोज पाऊस पडत होता.

३. तासांचा हिशेब

आता थोडं गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, वाचकाने आपल्या घराचे घालून पाहावेत.

मराठी शाळेत पहिलीला रोज इंग्रजीचा एक तास आहे असं धरू. हा शाळेचा तास, म्हणजे खरी पस्तीस मिनिटं. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे. पस्तीस गुणिले दोनशे म्हणजे सात हजार मिनिटं, सुमारे ११७ तास. पहिली ते चौथी चार वर्षं धरली तर सुमारे ४६७ तास.

आता घर. लहान मूल दिवसाचे बारा तास जागं असतं. त्यातले निम्मे, म्हणजे सहा तास, त्याच्याशी किंवा त्याच्या आसपास कोणीतरी बोलत असतं. ४६७ भागिले सहा म्हणजे ७८ दिवस. शाळेने चार वर्षांत दिलेली भाषा घर अडीच महिन्यांत देतं. त्यातही वर्गात चाळीस मुलं आणि एक बाई. एकेका मुलाच्या वाट्याला किती बोलणं येत असेल, तो भागाकार न केलेलाच बरा.

लहान वयातली भाषा ‘आपोआप’ येते ती या तासांच्या जोरावर. तीन वर्षांचं मूल नियम शिकत नाही, ते हजारो वाक्यांतून नियम गाळून घेतं. त्यासाठी हजारो वाक्यं लागतात. दिवसाकाठी अर्ध्या तासाच्या खुराकावर ही यंत्रणा चालतच नाही.

वाक्यं म्हटलं, आणि आपल्या भागातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पार्कातल्या घसरगुंडीजवळ उभं राहून ऐका. ‘सोनू, आधी बनाना फिनिश कर. मग स्लाइडवर जाऊ. नो नो, शूज काढू नको, फीट डर्टी होतील.’ नातीला इंग्रजी यावं म्हणून आजी जिवाचा आटापिटा करत असते. या बोलण्यात इंग्रजी किती आहे? क्रियापदाची जागा मराठी, काळ मराठी, ‘वर’ हा प्रत्यय मराठी, ‘काढू नको’तला नकार मराठी. सांगाडा अथपासून इतिपर्यंत मराठी आहे, त्यावर पाच-सात इंग्रजी शब्द टांगले आहेत. यातून मुलीला इंग्रजी वाक्य कसं बांधायचं हे काडीइतकंही कळत नाही. केळं, घसरगुंडी, बूट आणि पाय हे शब्द मात्र कानावरून जायचे राहतात. आजीने सरळ मराठीत बोलावं आणि भरपूर बोलावं. आईला इंग्रजी सहज येत असेल तर तिने पूर्ण इंग्रजी वाक्यांत बोलावं. अधलंमधलं हे मोठ्यांच्या गप्पांत ठीक आहे. आपण सगळेच तसं बोलतो. शिकवणी म्हणून त्याचा उपयोग नाही.

४. मोठी मुलं पुढे कशी जातात?

इथवर वाचून वाटेल, की लहान मूल मोठ्यांपेक्षा झपाट्याने शिकतं, त्याला फक्त तास हवेत. प्रत्यक्षात झपाटा मोठ्यांकडेच असतो.

कॅथरीन स्नो आणि मारियान हुफ्नागेल-हूले या दोघींनी १९७८ मध्ये नेदरलँड्सला राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे डच शिकत होते, डच माणसांत राहूनच. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत पुढे होती १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. वर्ष सरताना मोठी माणसं थोडी मागे पडली आणि ८ ते १० वर्षांची मुलंही आघाडीवर आली. सर्वांत मागे कोण? तीन ते पाच वर्षांची.

शाळेतल्या भाषेबद्दल याहूनही नेमकं उत्तर बार्सिलोनाने दिलं. स्पेनमध्ये १९९०च्या दशकात कायदा बदलला आणि शाळेत इंग्रजी अकराव्या वर्षाऐवजी आठव्या वर्षी सुरू झालं. त्यामुळे काही काळ दोन्ही प्रकारची मुलं एकाच शहरात सापडत होती. कार्मेन मुन्योस यांच्या गटाने त्यांची तुलना केली, आणि तीही सारख्या तासांनंतर, म्हणजे दोघांनी इंग्रजीचे तितकेच तास घेतल्यावर. दोनशे तासांनंतर उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे होती. चारशेंनंतर पुढे होती. सातशेंहून अधिक तासांनंतरही बहुतेक चाचण्यांत तीच पुढे राहिली.

अकरा वर्षांच्या मुलाला एक भाषा लिहिता-वाचता येत असते. भूतकाळ म्हणजे काय, प्रश्न कसा करायचा, हे त्याला आपल्या भाषेत ठाऊक असतं. नियम एकदा सांगितला की तो वापरून पाहतो. चार वर्षांच्या मुलाला ‘क्रियापद’ हा शब्दही सांगून उपयोग नसतो.

मग लहानांचा फायदा गेला कुठे? तो लांबच्या पल्ल्यात आहे, आणि ती भाषा चहूबाजूंनी बोलली जात असेल तरच. अमेरिकेत येऊन राहिलेल्या ४६ चिनी आणि कोरियन माणसांची इंग्रजी व्याकरणाची परीक्षा जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी घेतली. तो निबंध १९८९ मधला. तीन ते सात या वयात आलेले अमेरिकन लोकांच्या तोडीस तोड होते. त्यानंतर आलेल्यांचे गुण येण्याच्या वयाबरोबर उतरत गेले. २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून जोशुआ हार्टशोर्न आणि सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष जरा दिलासा देणारा आहे. व्याकरण उचलण्याची ताकद साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते. मात्र मातृभाषकांच्या पातळीवर पोचायला वर्षं लागतात, म्हणून दहा-बाराच्या आत सुरुवात झालेली बरी.

मुंबईत उशिरा शिकून भाषा कमावणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांचं लहानपण देवगडजवळच्या पोंभुर्ल्यात मराठी आणि संस्कृतात गेलं. इंग्रजीशी गाठ पडली ती कुमारवयात मुंबईला आल्यावर. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते विशीत होते आणि अंकात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापत होते. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते मोठेपणी स्वतःच्या हिमतीवर शिकले, आणि मूळ ग्रंथ वाचून त्यांच्याशी वाद घालण्याइतकं शिकले.

तेव्हा शेजारच्या मुलाचं जर्मन. घरात जर्मन बोलणारं माणूस असेल तर आजपासून बोलावं. आठवड्यातून दोनदा तासाभराचा क्लास असेल, तर ते पैसे सातवी-आठवीपर्यंत बँकेत ठेवले तरी बिघडत नाही. मूल तेव्हा निम्म्या वेळात तेवढंच शिकेल. आता मजा म्हणून गाणी म्हणायला जात असेल तर जाऊ द्यावं. गाणी म्हणून, गुंतवणूक म्हणून नव्हे.

५. दोन भाषांनी गोंधळ होतो का?

या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देता येतं: होत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी मंदावते असं शिक्षणतज्ज्ञ छातीठोकपणे सांगत. १९६२ मध्ये माँट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या परिस्थितीतल्या मुलांची तुलना केली आणि ही भीती निघून गेली. मग लंबक दुसरीकडे गेला आणि दोन भाषांनी मेंदू जास्त तल्लख होतो असा बोलबाला झाला. मोठ्या अभ्यासांत हा फायदा नेहमी सापडत नाही. दोन भाषांचा खात्रीचा लाभ एकच, दोन भाषा येतात.

मुंबईला हे सांगायची वेळ यावी हेच नवल. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालत आल्या आहेत: मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. माटुंग्याची तमिळ मुलं आणि शिवाजी पार्काच्या बेंगॉल क्लबातल्या दुर्गापूजेला जमणारी बंगाली मुलं पिढ्यान्‌पिढ्या घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलत आली आहेत. दोन वर्षांचं मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं, कारण एका भाषेत हवा तो शब्द त्याला अजून सापडलेला नसतो. कोणाशी कुठली बोलायची हे त्याला लवकर आणि बिनचूक कळतं.

फसगत दुसरीकडे होते. इंग्रजी माध्यमातलं मूल दोन वर्षांत मधल्या सुट्टीत इंग्रजी बोलू लागतं आणि आईवडील निर्धास्त होतात. कॅनडाचे जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं, की खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धड्यातली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. ‘गिव्ह मी माय बॉल’ पहिलीत जमतं. ‘बाष्पीभवन कशामुळे होते ते स्पष्ट करा’ हे इंग्रजीत जमायला सहावी-सातवी उजाडते. मधल्या वर्षांत विज्ञान समजत कुठल्या भाषेत असतं? घरी कोणी मराठीत समजावून सांगत असेल तर मराठीत. कोणी नसेल तर पाठांतरात.

६. आलेली भाषा जातेही

लवकर शिकलेलं कायमचं राहतं, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का पॅरिसमध्ये बसला. ख्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा आठ तरुण माणसांची तपासणी प्रसिद्ध केली, जी कोरियात जन्मली होती आणि तीन ते आठ या वयात फ्रेंच कुटुंबांनी दत्तक घेतली होती. दत्तक गेल्यावर कोरियन बंद झालं. मोठेपणी त्यांना अनोळखी भाषांमधून कोरियन वाक्यं ओळखायला सांगितली. ती त्यांना इतर फ्रेंच माणसांइतकीच परकी होती. मेंदूच्या चित्रणातही कोरियनला वेगळा प्रतिसाद दिसला नाही. आठ वर्षांचं मूल म्हणजे तिसरीतलं. भांडत, गोष्टी सांगत, घडाघडा बोलत असतं. ती भाषा पुसली गेली.

पुढच्या संशोधनात एवढं आढळलं, की ध्वनींचा काही अंश खोलवर उरतो. पण अशा अंशावर आजीशी फोनवर बोलता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हे चांगलं ठाऊक आहे. तिथे मराठी हीच मुलाची परकी भाषा असते. शाळेत जाईपर्यंत मूल छान मराठी बोलतं, बालवाडी सुरू झाली की वर्षाभरात उत्तरं इंग्रजीत येऊ लागतात. आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत सांगतं, दोघांनाही त्यात वावगं वाटत नाही. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा यासाठीच चालतात. पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडून त्यांच्या परीक्षाही होतात. आठवड्याला एक वर्ग, तोही सुट्टीच्या दिवशी. तिसऱ्या भागातलं गणित त्याला लावून पाहा. तिथली मराठी खरी टिकवते ती शिवाजी पार्काहून सहा महिन्यांसाठी गेलेली आणि इंग्रजीत अडणारी आजी. तिच्याशी बोलायचं तर मुलाला दुसरा इलाजच नसतो.

म्हणून सुनेच्या आग्रहाखातर घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या इथल्या आजीने जरा थांबावं. इंग्रजी शाळा, इंग्रजी गोष्टीची पुस्तकं, इंग्रजी कार्टून यांच्यामध्ये मराठी पूर्ण वाक्यांत बोलणारं एवढंच एक माणूस घरात असतं.

७. पहिली, पाचवी की आठवी?

शाळेत परकी भाषा केव्हा आणायची यावर महाराष्ट्र कितीतरी वर्षं भांडतो आहे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपर्यंत मागे नेली. पुढे ती पाचवीला आली. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. १६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत झालेला ठाकरे बंधूंचा मेळावा वाचकांना आठवत असेल.

राजकारण तूर्त बाजूला ठेवू. शिकण्याच्या बाजूने पाहिलं तर मुंबईच्या मुलाला हिंदी शाळेने शिकवली काय, न शिकवली काय, रस्ता शिकवतोच. भामरागडच्या माडिया घरातल्या मुलाचं काय? त्याला पहिलीत मराठी हीच नवी भाषा. इंग्रजी तिसरी. त्यावर हिंदी आली असती तर चौथी. सगळ्या एकाच जूनमध्ये.

याचं उत्तर शोधणारी एक बाई दादरचीच. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. मध्यमवर्गीय मुलांसाठी ते उत्तम चाललं होतं. तरी १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आजच्या ‘अंगणवाडी’चं मूळ तिथे आहे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला हललं. वारली मुलाची बोली आणि दादरहून आलेल्या बाईंची मराठी यांत अंतर होतंच. ते आधी कोणी चालायचं हे ताराबाईंनी ठरवून टाकलं होतं: बाईंनी. ‘कितवीपासून’ यावर जेवढी भांडणं झाली, तेवढी ‘शिकवणारं माणूस कोण आणि मुलाशी ते किती बोलणार’ यावर झाली असती, तर इयत्तेचा प्रश्न बराच सोपा झाला असता.

८. वाचायचं आधी कुठल्या लिपीत?

बोलणं ऐकून येतं. वाचणं शिकवावं लागतं. आणि लिपीलिपीत फरक असतो. ‘कमळ’ वाचायला क, म, ळ एवढं यावं लागतं; अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. ‘कॅट’साठी मूल म्हणतं सी, ए, टी. या तीन नावांत ‘क’ नाही आणि ‘ॲ’ही नाही. ‘सी’चा ‘क’ कधी होतो आणि ‘स’ कधी, हे निराळं शिकायचं. ‘नाइट’मध्ये लिहिलेली अक्षरं बोलायची नाहीत, हे आणखी निराळं. युरोपातल्या तेरा भाषांमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांची तुलना फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी केली. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाभूत वाचन यायला इंग्रजी मुलांना बहुतेक इतरांच्या दुपटीहून अधिक काळ लागला. ही मुलं इंग्रजी मायबोली असलेली होती. इंग्रजी बोलताही न येणाऱ्या, ज्युनिअर केजीतल्या मराठी मुलासमोर आपण हेच काम टाकतो आणि ते रडलं की त्याला एकाग्रता नाही म्हणतो.

शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी पाचव्या वर्षी घरी देवनागरी सुरू करता येते. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ‘का’ म्हणजे ‘क’ला काना, ‘कि’ म्हणजे ‘क’ला वेलांटी, हे कळलं की आवाजाचे तुकडे पडतात आणि पुन्हा जोडता येतात हा वाचनाचा गाभा मुलाच्या हाती येतो. इंग्रजी शाळांत हल्ली फोनिक्स म्हणून जे शिकवतात त्याचा उद्देशही हाच. सरावाला पुस्तकंही लागत नाहीत. दादर स्टेशनपासून घरापर्यंत दुकानांच्या पाट्या आहेत आणि कायद्याने त्यांच्यावरची देवनागरी अक्षरं इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. बेकरी, टेलर्स, मेडिकल, ज्वेलर्स. निम्म्या पाट्यांवर तोच शब्द खाली इंग्रजीतही असतो. देवनागरी येणारं मूल वरचा शब्द आधी वाचतं, आणि खालची अक्षरं कोणी शिकवायच्या आत त्यावर ताडून बघू लागतं.